अंगारा आणि पेज

सुगंधा जेवायची ते बघत बसावं असं जेवायची. घाई नाही, हावरटपणा नाही. आधी भाताचा ढीग, मग त्यात बोटांनी खळगा, खळग्यात कालवण, आणि पहिला घास तोंडात गेला की डोळे मिटायची. देवळात तीर्थ घेताना आपण मिटतो तसे.

मी तिची शेजारीण. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमच्या दोघींची घरं एका भिंतीची आहेत. तिच्या कढईत लसूण पडला की माझ्या घरात भूक लागते. मी साताऱ्याकडची, म्हणून ती मला घाटणी म्हणते. "गो घाटणी, भाकरी खाऊन खाऊन जीभ जाड झाली तुझी, हे घे," म्हणत वाटी पुढे करायची. कधी तिसऱ्यांचं सुकं, कधी वड्याबरोबरची मटणाची सागोती. सोमवार-गुरुवार मी मासे-मटण खात नाही हे तिला पाठ. त्या दिवशी न विसरता काळ्या वाटाण्याची उसळ यायची.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही कुडाळकडचं. सासरे गिरणीत होते. संपानंतर लालबागची खोली सुटली आणि हे कुटुंब इकडे चढावर आलं. सुगंधा घरी बसून साड्यांना फॉल-बिडिंग करते. खालच्या दोन दुकानांचं काम तिच्याकडेच असतं. नवरा काशीराम लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. माणूस दारूचा नाही, मारझोडीचा नाही. गमत्या. बारशाला जा, मयताला जा, काशीरामभोवती चार जण उभे आणि चौघंही हसतायत. एकुलती एक मुलगी श्रुतिका, पवईला ऑफिसात जाते. असं हे सुखाचं घर.

दुखणं कधी सुरू झालं ते तिलाही नीट सांगता येत नाही. उजवीकडे, खाली. जेवल्यावर थोड्या वेळाने पीळ पडायचा, पोट ढोलासारखं टम्म व्हायचं आणि आतून आवाज यायचा. आमच्याकडे पाणी यायच्या आधी नळ कसा गुरगुरतो, अगदी तसा. तिच्या शेजारी फॉल लावायला बसलं की मला ऐकू यायचा. मग ती उठून मोरीत जायची, ओकायची, तोंड धुऊन परत सुई हातात घ्यायची.

"काय गं, पाणी आलं वाटतं," मी पहिल्या पहिल्यांदा चेष्टा केली. तीही हसली. नंतर हसण्यासारखं राहिलं नाही.

सांगणाऱ्यांनी सगळं सांगून झालं. ओवा चावला. हिंग बेंबीत भरला. कोणी म्हणालं बेंबी सरकलीय, म्हणून एक मावशी येऊन पोट चोळून गेल्या. ती दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, मग पित्ताच्या, मग जंताच्या. सोनोग्राफी झाली, नॉर्मल. घशातून दुर्बीण घातली, थोडी सूज, बाकी नॉर्मल. प्रत्येक वेळी नॉर्मल म्हटलं की घरचे पेढे वाटायच्या बेतात, आणि ही त्या कागदाकडे असं बघायची, जसं कोणी कोर्टात उभं राहून हिच्याविरुद्ध साक्ष दिलीय.

"मशीनीत काय दिसत नाय, डॉक्टराक काय दिसत नाय," काशीराम म्हणायचा. "मगे दुखता ता नक्की खय? ह्या घाटणीच्या घरात?"

श्रुतिका आईला जवळ घेऊन समजवायची. "आई, टेन्शनने पण होतं गं असं. तू विचार फार करतेस."

"मी विचार करते साडीला फॉल मॅच होतो का नाही त्याचा," सुगंधा म्हणाली. "त्याने पोट दुखतं काय?"

वजन उतरत होतं. ब्लाउज तिने स्वतःच आत घेतले, एकदा, मग परत एकदा. हातात बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. पण माणूस रोज डोळ्यासमोर असलं की बारीक होताना दिसत नाही म्हणतात, ते खरं असेल. निदान त्या घरात कुणाला दिसत नव्हतं.

मग शिमग्याला काशीरामचे धाकटे भाऊ, भाऊराव, त्यांनी गावाहून मुंबईच्या बसबरोबर अंगारा पाठवला. हे भाऊराव गावीच असतात, शेतीवाडी आणि देवीचं सगळं तेच बघतात. त्यांच्या गावची देवी सातेरी. वारुळाच्या रूपात आहे, मूर्ती नाही. सुगंधाचा तिच्यावर फार जीव. कुठलीही गोष्ट करताना आधी 'बाय सातेरी' म्हणणार, सुईत दोरा ओवतानासुद्धा.

त्या अंगाऱ्याला नियम आहे. सकाळी आंघोळ करून देवीचं नाव घेऊन चिमूटभर जिभेवर ठेवायचा आणि मग दोन दिवस घरात काहीही शिजो, आपण फक्त पेज प्यायची. तांदळाची पातळ पेज, मिठाचा खडा, बस. मासे नाही, भाकरी नाही, भाजी नाही, गोड नाही. देवीचा मान म्हणून.

पहिल्यांदा घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या दारात आली. चेहरा धुतल्यासारखा.

"घाटणी, ऐक," म्हणाली आणि माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. पोट मऊ होतं. आवाज नाही. "गेलं गो. देवीन ऐकलं."

मीही हात जोडले. मी देव मानते. गाजावाजा नाही करत. गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते, दिवा लावते, घरी येते. तिच्यासाठी तिथे बोललेही होते. म्हणून मलाही बरं वाटलं.

चार-आठ दिवसांनी दुखणं परत आलं. परत अंगारा, परत पेज, परत आराम. असं चालू झालं. शिमग्याची पुडी संपली तेव्हा ती काशीरामला म्हणाली, भाऊजींना फोन करा. त्याने केला म्हणे. पुडी आली. संपली की दुसरी आली. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. पुडी देवाऱ्यात सातेरीच्या फोटोमागे असायची. ती उघडायच्या आधी सुगंधा डोक्यावर पदर घ्यायची. काशीराम घरी असला तर तोही उठून बाजूला उभा राहायचा आणि हात जोडायचा. मी स्वतः बघितलंय, म्हणून सांगते.

मधल्या काळात मीच हट्ट करून तिला पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, खालून दुर्बीण घालून आतडी बघायला हवीत. तारीख दिली. जायच्या आदल्या दिवशी काशीराम हॉस्पिटलात काय काय आणायचं ते विचारायला गेला आणि येऊन म्हणाला, "मशीन बंद आसा. कळवतले."

कळवलं नाही कोणी. सुगंधा म्हणाली, "देवीच्या मनात नसेल. तिच्या अंगाऱ्याने जातंय ना, मग कशाला ती नळी."

मी दोनदा म्हटलं, चौकशी करूया. ती म्हणाली, हे करतायत ना. विषय संपला.

दिवाळीनंतर भाऊराव मुंबईला आले. मुलाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला. रविवार होता. काशीरामचे दोन चुलतभाऊ बायकांना घेऊन आले, सागोती-वड्यांचा बेत ठरला, आणि मला सकाळीच हाक आली: "घाटणी, वडे थापायला ये." मी थापत होते, ती तळत होती. तिची पेज बाजूच्या शेगडीवर होती. आदल्याच दिवशी अंगारा घेतला होता तिने.

भाऊरावांनी चहा घेतला, पिशवी पुढे ओढली आणि आतून एक पुडी काढली. केळीच्या सोपटात बांधलेली, वर लाल दोरा.

"वयनी, ह्या घे. देवीचो अंगारो. शिमग्याक दिललो तो कधीच संपलो असतलो. मी आपलो वाट बघतंय, दादाचो फोन येतलो, अंगारो धाड म्हणान. पण कोणाक व्हयो हा! म्हटला, मुंबयवाल्यांक आता देवीची गरज रवली नाय."

सुगंधाच्या हातातला झारा कढईवर थांबला. तेल ठिबकत राहिलं.

"शिमग्यानंतर तुमी धाडल्यात नाय?"

"ना. कोणी मागलोच नाय."

"गणपतीत? नवरात्रात?"

"नाय गो. कित्याक?"

तिने काशीरामकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. क्षणभर तो गडबडला. मी समोर होते, मला दिसलं. पण खोली माणसांनी भरलेली, सगळ्यांचे डोळे आपल्यावर, आणि असं झालं की ह्या माणसाला एकच गोष्ट करता येते. त्याने मांडीवर थाप मारली.

"अरे भाऊ, तुझी देवी पडली थय, आमचो इस्त्रीवालो हय! बस येता पहाटे, पुडयेसाठी कोण उठतलो? खाली इस्त्रीवाल्याकडे राख फुकट. वस्त्रगाळ करून दिलंय, हा! आणि गुण बघ. देवीच्या अंगाऱ्याक दोन दिवस लागत, इस्त्रीवाल्याचो एका दिवसात!"

खोली फुटली हसून. एक चुलतभाऊ म्हणाला, "मगे तेच्या टपरेर आता घंटा बांधूक व्हयी." दुसऱ्याची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगो बाय माझ्या, आणि वयनी पेज पिता हा!" भाऊराव हसले नाहीत. पुडी त्यांच्या हातातच राहिली होती, पुढे केलेली.

श्रुतिका मोबाइलमध्ये बघत होती.

"तुला माहीत होतं?" सुगंधाने विचारलं.

"आई… पप्पांनी मला नंतर सांगितलं. पण तुला बरं वाटत होतं ना? मग म्हटलं जाऊ दे. असं असतं गं, त्याला प्लासिबो म्हणतात. आपण औषध समजून काहीही घेतलं ना तरी…"

"ह्या बरा," काशीराम मध्येच म्हणाला, "राखेन जाता ता दुखणा कसला गो? मी तेव्हाच वळाकलंय. उगाच घाबारलंव आमी."

सुगंधाने पुढे होऊन भाऊरावांच्या हातातली पुडी घेतली, कपाळाला लावली, देवाऱ्यात फोटोमागे ठेवली. परत शेगडीपाशी आली. राहिलेले वडे तळले. सगळ्यांना वाढलं, हवं-नको विचारलं. मग स्वतःचं ताट घेतलं. त्यात वडे घेतले, सागोती घेतली, वर मोठी मूठ भरून भात.

"अगं, तुझी पेज आहे ना," मी हळूच म्हटलं.

"कशाला?" ती म्हणाली. "मला काय झालंय?"

आणि जेवायला बसली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात ती सगळ्यांच्या पंगतीत बसली होती. ताट पुसून जेवली, परत मागून घेतलं. काशीराम खूश. "बघा, बघा," म्हणत होता. मी बघत होते तिचे डोळे. घास तोंडात जात होता आणि डोळे उघडेच होते.

सोमवारी सकाळी तिच्या घरातून आवाज आला म्हणून गेले तर ती मोरीत भिंतीला टेकून बसली होती. हिरवं ओकत होती. पोट हाताला दगड लागत होतं. काशीराम कामावर गेलेला. श्रुतिका ऑफिसचे कपडे घालून नुसतीच उभी, रडत. मी म्हटलं, रिक्षा आण आधी, रड मग.

पालिकेच्या त्याच हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, सलाइन लावलं, फोटो काढले, मोठ्या मशीनमध्ये घालून पोट बघितलं. दुपारी एक डॉक्टर आल्या, वयाने श्रुतिकाहून थोड्या मोठ्या. डॉक्टर संघमित्रा. नांदेडकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. त्या कॉटच्या कडेला टेकल्या. इतक्या महिन्यांत एखाद्या डॉक्टरला तिच्याजवळ बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"ताई, हे दुखणं मध्ये थांबायचं का कधी? पूर्ण आराम पडलाय असं?"

सुगंधाने डोळे छताला लावले.

"अंगारा घेतला की थांबायचं," मीच सांगितलं.

श्रुतिका घाईघाईने म्हणाली, "मॅडम, तो अंगारा पण नव्हता. साधी राख होती. म्हणजे मेंटलच असेल ना थोडंफार…"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "राख राहू द्या. त्या दिवशी जेवायचात काय?"

"पेज," सुगंधा म्हणाली. आवाज फाटलेला.

"नुसती पेज?"

"दोन दिवस. देवीचा नियम आहे."

"आणि परत भाकरी, मासे, भाजी सुरू केली की?"

"चार दिवसांत परत."

डॉक्टरांनी सलाइनची नळी दोन बोटांत धरली आणि दाबली. थेंब पडायचे मंदावले. "तुमचं आतडं एका जागी असं झालंय. अगदी बारीक. पातळ जे असतं ते सरकतं, घट्ट अडकतं. सोनोग्राफीत हे दिसेलच असं नाही. तुम्हाला राखेने बरं वाटत नव्हतं आणि मनानेही नाही. पेजेने वाटत होतं. तुम्ही खरंच सांगत होतात, ताई."

सुगंधाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहिलं. नळीमुळे मान वळवता येत नव्हती.

डॉक्टर उठता उठता केसपेपर बघून थांबल्या. "पण तुमची दुर्बिणीची तारीख होती ना गणपतीच्या आसपास? तेव्हाच कळलं असतं. आला का नाहीत?"

"मशीन बंद होतं ना," मी म्हटलं.

"मशीन? नाही हो, त्या दिवशी मीच होते तिथे." मग त्यांना काहीतरी आठवलं. "एक गृहस्थ येऊन तारीख नको म्हणून सांगून गेले होते. राखेने बरी झाली आमची मिसेस, म्हणाले. बाहेर बाकावरचे सगळे पेशंट हसत होते, म्हणून लक्षात राहिलं. ते तुमचे…?"

"पप्पा," श्रुतिका म्हणाली. हे तिलाही माहीत नव्हतं.

पुढे दुर्बीण झाली, आतला तुकडा तपासायला गेला आणि पोटाचा टीबी निघाला. छातीशिवाय टीबी होतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. कित्येक महिने गोळ्या घ्यायच्या होत्या. आतडं मोकळं झालं नाही तर ऑपरेशनही करावं लागेल, डॉक्टर म्हणाल्या. आधी आला असतात तर इतकं आवळलं नसतं.

काशीराम संध्याकाळी आला तो शहाळं घेऊन. वॉर्डात आल्यावर सवयीने आजूबाजूला बघून हसला, मग हसू आवरलं. कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला.

"चुकला गो माझा," म्हणाला.

सुगंधाने वर बघितलं. "काय चुकला?"

"ता… सगळा."

"सगळा म्हंजे काय, ता सांग."

तो शहाळं या हातातून त्या हातात करत राहिला. "आता जावंदे ना. बरा होतला सगळा." आणि नर्सला स्ट्रॉ मागायला गेला.

तो गेल्यावर सुगंधा मला म्हणाली, "राख खाल्ली त्याचं नाही गो मला. लहानपणी चुलीतली खाल्लीच आहे की. पण मी पुडी उघडताना डोक्यावर पदर घ्यायचे, देवीला हाक मारायचे, आणि हा बाजूला येऊन उभा राहायचा. हात जोडायचा. कोणाला जोडत होता तो हात? काय म्हणत होता मनात?"

गुरुवारी देवळात मी दत्ताला हेच विचारलं. देवीने तिला फसवलं असं मला वाटत नाही. देवीचा नियम म्हणून जी पेज होती तिनेच तर तिला एवढे दिवस जगवलं. पण हे मी तिला बोलले नाही. ज्याचं दुखतंय त्याला असलं शहाणपण सांगू नये.

ती घरी आली. गोळ्या चालू झाल्या. आधी त्यांनीच मळमळायचं, मग हळूहळू अंगाला लागल्या. ऑपरेशनची वेळ आली नाही. आत घेतलेले ब्लाउज ती परत उसवायला लागली. श्रुतिका ऑफिसातून लवकर यायची, आईच्या गोळ्या आईच्या हातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत उभी राहायची. एक दिवस सुगंधा हातातल्या गोळीकडे बघत बसली आणि म्हणाली, "ही खरी आहे ना गं?" पोरगी आत जाऊन रडली. सुगंधा टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. भाऊरावांनी आणलेली पुडी लाल दोऱ्यासकट फोटोमागे तशीच होती. ती हात लावत नव्हती. काशीरामशी बोलायची ते मीठ संपलं, गॅस आला, एवढंच. त्याने 'चुकला' हा शब्द आणखी कितीदा तरी म्हटला असेल. दर वेळी ती विचारायची, काय चुकला? आणि दर वेळी त्याला काहीतरी काम निघायचं.

डॉक्टर संघमित्रांनी औषध बंद केलं, आता जेवा सगळं, म्हणाल्या, तेव्हा काशीराम नारळ घेऊन आला. देवीला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं त्याने. चुलतभावांना बोलावलं, भाऊरावही गावाहून आले होते, मलाही बोलावलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते मला इथे राहूनच कळलं. आमच्याकडे नसतं. घरचा कर्ता पुरुष नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि मोठ्याने देवाशी बोलतो. काय झालं, काय हवंय, कोणाला सांभाळ, सगळं. आणि प्रत्येक वाक्याला भोवतीच्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा.' कोणी गप्प राहायचं नाही. ते आल्याशिवाय पुढचं वाक्य होत नाही.

काशीरामने घसा साफ केला. "बा देवी सातेरी…"

"थांबा," सुगंधा म्हणाली. ओले हात पदराला पुसत ती शेगडीपासून पुढे आली. "आज गाऱ्हाणा मी घालतंय."

"बायलमाणसान?" चुलतभाऊ म्हणाला. "पद्धत नाय ती."

"राख चारूची पद्धत होती?"

भाऊरावांनी तिला देवाऱ्यासमोर जागा करून दिली. नारळ काशीरामच्या हातात तसाच राहिला. तिने डोक्यावर पदर घेतला.

"बा देवी सातेरी, तुझा लेकरू आज तुझ्या दारात उभा रवला हा."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. काशीरामही.

"माझ्या पोटात दुखत होता, ता खरा होता."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातल्या माणसान तुझा नाव घेवन माका इस्त्रीवाल्याची राख चारल्यान."

मी तोंड उघडत होते, तिने मान न वळवता हात वर केला. तू नको. मग श्रुतिकाचा आवाज आला, बारीक. "व्हय म्हाराजा." भाऊराव म्हणाले. चुलतभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. सुगंधा थांबून होती. काशीरामने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, कोणी हसतंय का. कोणी हसत नव्हतं.

"व्हय… म्हाराजा," तो म्हणाला.

"तपासणेची तारीख नको म्हणान सांगून इलो, नि माका म्हणालो मशीन बंद आसा."

"व्हय म्हाराजा."

"मी तुका हात जोडी, तेव्हा बाजूक उभो रवान तो पण जोडी."

त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"मोठ्यान," ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा!" तो जवळजवळ ओरडला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या माणसाला मी रडताना कधी बघितलं नव्हतं.

शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. चुकलंमाकलं क्षमा कर, लेकरांना सांभाळून घे. सगळे त्याची वाट बघत उभे होते. सुगंधाने पदर खाली केला.

"फोडा नारळ."

"वयनी, क्षमेचा रवला," भाऊराव हळूच म्हणाले.

"ता तिचा ती बघात," ती म्हणाली आणि भात उतरवायला वळली.

आता ती जेवते. वाटी परत माझ्या दारात येते, गुरुवारी काळ्या वाटाण्याची. कधी मी दुपारची गेले तर तिचं ताट वाढलेलं असतं. भाताचा ढीग, खळगा, खळग्यात कालवण, आणि पहिल्या घासाला डोळे मिटतात, पूर्वीसारखे. काशीराम घरात असला की मिटत नाहीत.